लाओ मा : भाड्याचं तट्टू म्हणून गेला आणि राहिलाच

जानेवारी २०१०. चीनमधलं तायुआन. शान्शी प्रांताची राजधानी, कोळशाच्या खाणींचा भाग, पोलादाचे कारखाने आणि हाडं गोठवणारी थंडी. तिथल्या विमानतळावर त्या दिवशी ही गर्दी, आणि गर्दी कुणासाठी तर एका अमेरिकन माणसासाठी, ज्याला स्वतःच्या देशात कुणी विचारत नव्हतं.

स्टेफॉन मार्बरी. बास्केटबॉलपटू. वय ३२.

मागं कुठून आला ते बघू. न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन, त्यातलं कोनी आयलंड, म्हणजे समुद्रकिनारा, जत्रेतले पाळणे आणि पाठीमागं सरकारी घरांच्या उंच बिल्डिंगी. सात भावंडांत हा सहावा. मोठे भाऊ सगळे बास्केटबॉलवाले, पण एनबीएपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगपर्यंत, पोहोचला तो हाच. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथा नंबर, मग मिनेसोटा, न्यू जर्सी, फिनिक्स या टीम, दोनदा ऑलस्टार, आणि २००४ मध्ये घरच्या गावच्या टीममध्ये, न्यूयॉर्क निक्समध्ये. इथंपर्यंत गोष्ट सिनेमासारखी.

मधेच बुटांचं सांगतो, कारण पुढे ते लागणारेत. २००६ मध्ये यानं स्टारबरी नावाचे बूट काढले, किंमत १४.९८ डॉलर. बाकी स्टार लोकांचे बूट तेव्हा शंभर-दीडशे डॉलरला जायचे, गरिबाच्या पोरानं घ्यायचे कुठून? आणि हा पठ्ठ्या एनबीएच्या मॅचमध्ये तेच स्वस्तातले बूट घालून खेळायचा. लोकांनी उचलून धरले, पण ते विकणारी दुकानांची साखळीच २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

निक्समध्ये तर सगळंच बिनसलं. कोचशी भांडणं, टीमची हार, डिसेंबर २००७ मध्ये वडील गेले. पुढच्या सीझनला दोन कोटी डॉलरच्या वर पगार घेऊन हा माणूस नुसता बाकावर, कारण नवीन कोच माइक डँटोनी याला खेळवायलाच तयार नाही. आता गंमत बघा, हा डँटोनी स्वतः असाच परदेशी गेलेला अमेरिकन! एनबीएत जम बसला नाही म्हणून १९७७ ला इटलीत मिलानला गेला, दहा-बारा वर्षं तिथंच खेळला, क्लबसाठी युरोपियन कप जिंकले, इटलीचा लाडका झाला. परदेशात जाऊन माणूस पुन्हा उभा राहतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, पण मार्बरीला काही त्यानं ते सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

२००९ च्या उन्हाळ्यात मार्बरीनं इंटरनेटवर चोवीस तासांचं लाइव्ह सुरू केलं. त्यात तो रडला, आणि घसा दुखतोय म्हणून कॅमेऱ्यासमोर चक्क व्हॅसलिन खाल्लं. झालं, गडी कामातून गेला म्हणून सगळे हसून मोकळे.

आणि सहा महिन्यांत तायुआन.

परदेशी खेळाडूचं गणित आपल्याला आयपीएलमुळं माहितीये, मैदानात चारच विदेशी. चिनी लीगमध्ये, म्हणजे सीबीएमध्ये, तेव्हा साधारणपणे टीमला दोनच. त्यामुळं त्या दोघांनी प्रत्येक मॅचला तीस-तीस पॉइंट मारायचे, नाही मारले तर पुढचं विमान. भाड्याचं तट्टू, दुसरं काय. मार्बरीपण काही चीनच्या प्रेमात पडून गेला नव्हता, खेळायचं तर होतंच, पण तिथं आपले बूट खपतील हाही हिशोब होता. शान्शीकडून १५ मॅच खेळला आणि सीझन संपला, टीमनं पुन्हा घेतलं नाही. मग फोशान या दुसऱ्या चिनी टीमकडं एक सीझन, तिथूनही नारळ.

बहुतेक अमेरिकन इथंच परततात. हा २०११ मध्ये बीजिंगला गेला.

बीजिंग डक्स. राजधानीची टीम, पण १९९५ पासूनच्या लीगमध्ये एकदाही चॅम्पियन नाही. त्या वर्षी एनबीएत लॉकआउट होता, म्हणजे मालक-खेळाडूंच्या भांडणात लीगच बंद, जे. आर. स्मिथ, केन्यन मार्टिन असली मोठी नावं चीनमध्ये येऊन दाखल झालेली, त्यात पस्तिशीला टेकलेल्या मार्बरीकडं कोण बघतंय. डक्सनी सुरुवातीच्या सलग १३ मॅच जिंकल्या. सेमीफायनलला समोर कोण आलं? शान्शी. तीच, सोडून दिलेली टीम. त्यांना हरवलं, पण दमवलं त्यांनी, पाचव्या मॅचपर्यंत नेलं.

फायनल ग्वांगडोंगशी, ज्यांनी आधीच्या आठ सीझनपैकी सात जिंकलेले. डक्सनी ४-१ नं उडवलं. शेवटच्या मॅचचा स्कोअर १२४-१२१, त्यातले ४१ एकट्या मार्बरीचे. ३० मार्च २०१२. हॉर्न वाजला आणि हा माणूस ढसाढसा रडला, ज्या रडण्याला तीन वर्षांपूर्वी जग हसलं होतं तेच रडणं, फक्त आता अख्खं बीजिंग त्याच्याबरोबर रडत होतं.

त्याच वर्षी स्टेडियमबाहेर त्याचा ब्रॉन्झचा पुतळा उभा राहिला. खेळत्या माणसाचा पुतळा! २०१४ आणि २०१५ ला आणखी दोन टायटल. त्याच्यावर संगीत नाटक आलं, त्यात काम करायला हाच.

पण मला पुतळ्यापेक्षा सबवे जास्त आवडतो. बीजिंगचं ट्रॅफिक म्हणजे विचारायला नको, तर हा मेट्रोनं फिरायचा, गर्दीत दांड्याला धरून उभा, आजूबाजूला फोटो काढणारी माणसं. लोक त्याला 'मा झेंगवेई' म्हणायला लागले. झेंगवेई म्हणजे चिनी लष्करातला राजकीय अधिकारी, जवानांचं मन सांभाळणारा, भाषण देणारा. ड्रेसिंग रूममध्ये हा तसाच सारखा उपदेश करायचा म्हणून ते नाव. आणि दुसरं नाव, 'लाओ मा'. लाओ म्हणजे जुना-जाणता, मा हे मार्बरीचं चिनी रूप, आणि मा म्हणजे घोडा. भाड्यानं आणलेल्या तट्टाला लोकांनी आपणहून घरच्या घोड्याचं नाव दिलं. पुढे चीननं त्याला कायमच्या रहिवासाचं कार्डही दिलं, जे परदेशी माणसाला मिळणं महाकठीण.

सगळं गोड नाही झालं हां. २०१७ ला डक्सनी सांगितलं, आता खेळू नको, कोचिंगला ये. याला खेळायचंच होतं, मग त्याच शहरातल्या दुसऱ्या टीमकडं, बेइकोंगकडं गेला. ११ फेब्रुवारी २०१८ ला शेवटची मॅच, एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस बाकी, २० पॉइंट, मॅच जिंकली.

२०१९ मध्ये बेइकोंगनं त्यालाच हेड कोच केलं. आता बाकावरचा विदेशी पोरगा मान वळवून त्याच्याकडं बघायचा, आज मला खेळवतोय की नाही.