सात दिवसांची गोळी

नमस्कार श्रोतेहो. डोक्याला जबर मार लागून अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या रुग्णाला फिट येऊ नये म्हणून औषध देतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी घरच्या माणसाच्या बाबतीत अनुभवले असेल. ते औषध कशासाठी आणि विशेषतः किती दिवस, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

मार लागलेल्या मेंदूत सूज असते, रक्त साकळलेले असते. अशा वेळी फिट आली, तर मेंदूची प्राणवायूची गरज एकदम वाढते, कवटीच्या आतला दाब चढतो आणि शाबूत राहिलेला भागही धोक्यात येतो. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण फिट आल्यावर हातपाय झाडेलच असे नाही. कधी नुसती पापणी फडफडते, तर कधी तेवढेही दिसत नाही आणि ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, काढल्यावरच फिट कळते. (कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपाय तेथे चालत नाही, आणि खरे सांगायचे तर घरीही चालत नाही.) १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ४०४ रुग्णांवरील अभ्यासात पहिल्या सात दिवसांत फिट येण्याचे प्रमाण फेनिटोइन हे फिट रोखणारे औषध न घेणाऱ्यांत १४.२ टक्के, तर घेणाऱ्यांत ३.६ टक्के आढळले. मात्र आठव्या दिवसापासून पुढे, औषध वर्षभर चालू ठेवूनही, दोन वर्षांपर्यंतच्या पाहणीत फरक पडला नाही. पुन्हा सांगतो: पहिले सात दिवस फायदा, त्यानंतर नाही.

आता करवीर तालुक्यातल्या एका गुळव्याची हकीकत सांगतो. गळीत हंगामात रात्री मोटारसायकलवरून घरी जाताना तो रस्त्यात उभ्या असलेल्या, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. (उसाच्या दराइतकी चर्चा या रिफ्लेक्टरची का होत नाही, हे मला आजवर समजलेले नाही.) डोक्यावर हेल्मेट नव्हते. नऊ दिवस तो अतिदक्षता विभागात होता; शिरेतून फेनिटोइन दिले, पुढे गोळ्या सुरू झाल्या, फिट एकदाही आली नाही आणि माणूस चालत घरी गेला.

तीन वर्षांनी तो परत आला, तो दातांची तक्रार घेऊन. हिरड्या एवढ्या वाढल्या होत्या की पुढच्या दातांची केवळ टोके दिसत होती, भाकरी चावताना रक्त येत होते. चालताना तोल जाई. जो माणूस उकळत्या काहिलीच्या काठावर उभा राहून पाक पारखायचा, त्याला मुलाने चुलवाणाजवळ येण्यास मनाई केली होती. वाढलेल्या हिरड्या आणि जाणारा तोल, दोन्ही फेनिटोइनचे ओळखीचे परिणाम आहेत. मी विचारले, "गोळी अजून चालू आहे?" त्याने पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेले डिस्चार्ज कार्ड काढले. त्यावर लिहिले होते, "गोळ्या चालू ठेवणे." किती दिवस, ते लिहिलेले नव्हते, आणि श्रोतेहो, अक्षर माझे होते.

मी वरमलो. तो मात्र हसून म्हणाला, "डॉक्टर, पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी कधी झाली ते मला कळतंय, तुमची गोळी कधी संपायची, ते कुणी सांगितलंच न्हाई."

ईईजी काढून, काही आठवड्यांत मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत ती गोळी बंद केली. तोल सावरला, हिरड्याही काही महिन्यांत बऱ्याच ओसरल्या.

हे ऐकून कोणीही आपल्या मनाने गोळी थांबवू नये, कारण एकाएकी बंद केल्याने फिट येऊ शकते. ज्याला मार लागल्यावर पहिला आठवडा उलटून गेल्यानंतर फिट आली आहे, त्याला दीर्घकाळ औषध लागते आणि ते योग्यच आहे. हल्ली फेनिटोइनऐवजी लेव्हेटिरासिटाम बरेचदा देतात. त्याने हिरड्या वाढत नाहीत, पण काही रुग्ण चिडचिडे होतात आणि मूत्रपिंड अधू असल्यास मात्रा कमी करावी लागते. औषध कोणतेही असो, घरी सोडताना विचारा: ही फिटची गोळी कोणत्या तारखेपर्यंत? पुन्हा सांगतो, कोणत्या तारखेपर्यंत? उत्तर कार्डावर लिहून घ्या. मी आता ती तारीख लाल शाईने लिहितो आणि नातेवाइकांकडून एकदा मोठ्याने वाचून घेतो. नमस्कार.