लाखीशबद्दल कोण गप्प आहे?

मंडळी, बायबल आणि पुरातत्त्व असा विषय जाहीर झाला की एक प्रश्न ठरलेला असतो. मग बायबल खरं निघालं की खोटं? मी या प्रश्नाला उत्तर देत नाही, कारण तो फार ढोबळ आहे. बायबल म्हणजे अनेक शतकांत अनेक हातांनी लिहिलेल्या ग्रंथांचा संग्रह. त्यातल्या एका राजाचा शिक्का मातीत सापडला म्हणून मोशेची कथा सिद्ध होत नाही, आणि बायबलच्या कथेत कोसळणारी यरीहो शहराची तटबंदी सांगितलेल्या काळात सापडली नाही म्हणून तो राजाही काल्पनिक ठरत नाही. तेव्हा आज एकच साल घेऊ: इसवी सन पूर्व ७०१. यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदाच्या राज्यावर अश्शूरच्या, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या साम्राज्याच्या, सम्राटाची स्वारी. ती झाली याबद्दल कोणाही अभ्यासकाला शंका नाही. म्हणूनच ती मला आवडते. झालं की नाही हा वाद मिटलेला असला की माणसं पुढचे, जास्त कामाचे प्रश्न विचारू लागतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इ.स.पू. ७०५ मध्ये अश्शूरचा राजा सार्गोन लढाईत पडला. त्याचं प्रेतसुद्धा परत मिळालं नाही. सम्राटाला असं मरण आलं की मांडलिकांना धीर चढतो. यहूदाचा राजा हिज्कीया याने खंडणी थांबवली. सार्गोनचा मुलगा सन्हेरीब आधी बाबेलकडची (बॅबिलोनकडची) बंडाळी निस्तरून मग समुद्रकाठाने खाली उतरला. त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी अश्शूरने उत्तरेचं इस्राएलचं राज्य बुडवलं होतं, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलं आहे हे यहूदात कोणाला सांगायला नको होतं.

आता साक्षीदार. पहिला स्वतः सन्हेरीब. त्याने स्वाऱ्यांची हकीकत मातीच्या बहुकोनी स्तंभांवर कोरून घेतली. त्यातला एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एक शिकागोत, एक यरुशलेममध्ये. तो सांगतो: हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, आणि खुद्द हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं. त्याचा मुलूख तोडून अश्दोद, एक्रोन आणि गाझाच्या राजांना वाटून टाकला. खंडणीत ३० किक्कार (हे जुनं वजन) सोनं आणि ८०० किक्कार चांदी घेतली. शिवाय राजाच्या मुली, राणीवशातल्या स्त्रिया आणि गायक-गायिकाही.

दुसरा साक्षीदार बायबल. २ राजे, अध्याय १८. सन्हेरीब यहूदातल्या लाखीश शहरापाशी आहे, आणि हिज्कीया तिथे निरोप धाडतो की माझं चुकलं, तुम्ही माघारी जा, लादाल ते देईन. मग मंदिराच्या दारांवरचं सोनं सोलून काढावं लागतं. आकडा काय? ३० किक्कार सोनं. किक्कार साधारण तीस किलोचा धरला तर जवळपास टनभर. शत्रूच्या दरबारात कोरलेला आकडा आणि यरुशलेमच्या लेखकाने लिहिलेला आकडा एकच. चांदीत मात्र मेळ नाही. बायबल ३०० म्हणतं. त्यावर अनेक तोडगे निघाले आहेत, मला एकही पटलेला नाही. सोन्याचा आकडा जुळतो यातच मी समाधानी आहे.

खरी गंमत जुळणाऱ्या आकड्यात नाही. सन्हेरीबच्या हकिकतीत यरुशलेम जिंकल्याचा दावाच नाही. ज्या राजाला फुशारकीची लाज नाही, तो राजधानी पडली असती तर गप्प बसला नसता. पाखरू पिंजऱ्यात राहिलं, पिंजरा फुटला नाही. आणि त्याच हकिकतीत लाखीशचं नावसुद्धा नाही! यहूदातलं यरुशलेमखालोखाल मोठं शहर, आणि उल्लेख शून्य.

त्याची भरपाई त्याने आपल्या राजधानीत, निनवेच्या महालात केली. ऑस्टिन हेन्री लेयार्डने १८४०च्या दशकात तो महाल खणला तेव्हा एका अख्ख्या दालनाच्या भिंती लाखीशच्या वेढ्याने भरलेल्या निघाल्या. आज ते शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कोणी तिथे गेलात तर ममींच्या गर्दीत वेळ न घालवता आधी हे दालन गाठा. धडका देणारी यंत्रं चढणीवरून तटाकडे सरकताहेत. वरून पेटत्या मशाली पडताहेत आणि यंत्राला आग लागू नये म्हणून एक शिपाई लांब पळीने त्यावर पाणी ओततो आहे. खाली कैद्यांना सुळावर दिलं आहे, काहींची कातडी सोलली जात आहे. वेशीतून कुटुंबं बाहेर पडताहेत, सामान बैलगाडीवर, गाडीत बायका-मुलं. आणि टोकाला सिंहासनावर सन्हेरीब. शेजारी लेख, की लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली. त्याचा चेहरा मात्र कोणीतरी मुद्दाम फोडलेला आहे. बहुधा निनवे पडलं तेव्हा, इ.स.पू. ६१२ च्या सुमारास.

तिसरा साक्षीदार जमीन. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला सखल टेकड्यांच्या मुलखात लाखीशचं पांढरीचं टेकाड आहे. १९३० च्या दशकात जेम्स स्टार्कीने खणायला घेतलं. १९३८ मध्ये रस्त्यात त्याचा खून झाला आणि काम थांबलं. नंतर १९७३ पासून डेव्हिड उसिशकिनने मोठं उत्खनन केलं. नैर्ऋत्य कोपऱ्यात तटाला भिडवलेला दगडमातीचा दमदमा, म्हणजे यंत्रं वर चढवायची चढण, सापडला. अश्शूरी वेढ्याचा असा दमदमा प्रत्यक्ष पाहायला मिळतो तो इथेच. आतल्या बाजूने शहरवाल्यांनीही तट उंच राखायला भराव घातलेला दिसतो. आजूबाजूला बाणांची ढीगभर पाती, गोफणगुंडे आणि एका लोखंडी साखळीचा तुकडा.

हा दमदमा उभारला कसा, याचा हिशोब योसेफ गारफिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडला. साधारण साडेसहा किलोचा एक, असे तीसेक लाख दगड. ते लांबून वाहून आणायची गरज नव्हती, कारण जवळच उघडा खडक आहे. माणसांच्या रांगा लावून हातोहात दगड पुढे सरकवले, दिवसरात्र काम चाललं, तर सुमारे २५ दिवसांत काम होतं. दिवसाला लाखाहून जास्त दगड! गणित सुबक आहे. पण दगड किती वेगाने हातातून हातात जातो हे गृहीत धरलेलं आहे, तेव्हा २५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. कष्ट किती होते याचा अंदाज मात्र येतो, आणि ते उचलणाऱ्यांत आधी पकडलेले यहूदीच असावेत अशी दाट शंका येते.

सामान्य वाचकाला न दिसणारी एक गोष्ट सांगतो. लाखीशच्या टेकाडातला वस्तीचा तिसरा थर जळून खाक झालेला आहे. तो ७०१ मध्ये जळला की शतकभराने बाबेलच्या स्वारीत, यावर कित्येक दशकं वाद झाला. उसिशकिनच्या उत्खननाने ७०१ वर शिक्कामोर्तब झालं. त्याचा परिणाम दूरवर गेला. त्या थरातली खापरं आता तारीखवार झाली. दुसऱ्या कुठल्याही गावात तशीच खापरं सापडली की काळ सांगता येतो. 'राजाचा' असा ठसा असलेल्या मोठ्या कुंभांच्या मुठी, ज्या यहूदाभर मिळून दोन हजारांच्या वर सापडल्या आहेत, त्यांचा काळही याच थराच्या आधारे बसवला गेला. अशा तारीखवार जळालेल्या थरांतल्या भाजलेल्या मातीवरून पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राचा माग काढायचंही काम आता चालतं, आणि त्यावरून उलट दुसऱ्या थरांच्या तारखा ठरवल्या जातात.

यरुशलेमकडे वळलं की चित्र इतकं स्वच्छ राहत नाही. हिज्कीयाने पाणी शहरात आणलं असं बायबल म्हणतं, आणि खडकातून खोदलेलं ५३३ मीटरचं भुयार तिथे आहे. त्याच्या भिंतीवरचा लेख १८८० मध्ये सापडला. आज तो इस्तंबूलला आहे. दोन बाजूंनी खणत आलेल्या टोळ्यांना एकमेकांचा आवाज कसा ऐकू आला हे त्यात इतकं जिवंत लिहिलं आहे की वाचताना आपणही कान देतो. पण राजाचं नाव? नाही. बहुतेक अभ्यासक भुयार हिज्कीयाच्या काळाचंच मानतात, २००३ मध्ये गिलाव्यातले अवशेष आणि छतावरून ठिबकून साचलेले चुन्याचे लवणस्तंभ तपासूनही तोच काळ आला; तरी काही उत्खननकार ते जरा आधीचं मानतात.

गेल्या पिढीत मात्र एक खोड लागली होती. आठव्या शतकाच्या अखेरीचं काहीही सापडलं की हिज्कीयाच्या खात्यावर टाकायचं. यरुशलेम एकाएकी पश्चिमेकडे फुगलं ते उत्तरेहून आलेल्या निर्वासितांमुळे, हे तर पाठ्यपुस्तकात गेलं. २०२४ मध्ये शहरातल्या शंभरावर कार्बन-१४ तारखांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि शहराची पश्चिमेकडची वाढ नवव्या शतकातच सुरू झाल्याचं त्यात दिसतं. २०२५ मध्ये यरुशलेममधल्याच शिलोहाच्या तळ्याच्या बंधाऱ्याची तारीख आली: इ.स.पू. ८०५ ते ७९५. म्हणजे हिज्कीयाच्या शंभर वर्षं आधीच हे शहर पाण्याची मोठी कामं करत होतं. वाद मिटलेला नाही, पण एका राजाच्या डोक्यावरचं ओझं हलकं झालं हे बरं.

हिज्कीयाचं नाव असलेला शिक्क्याचा ठसा एलात माझारच्या उत्खननात मिळाला आणि २०१५ मध्ये जाहीर झाला. त्याच्या नावाचे ठसे आधीही फिरत होते, पण बाजारात. उत्खननातला ठसा आणि बाजारातला ठसा यांत मी जमीन-अस्मानाचा फरक करतो. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (बायबलच्या प्राचीन हस्तलिखितांचे) म्हणून घेतलेले सगळेच्या सगळे १६ तुकडे २०२० मध्ये बनावट ठरले, हे लक्षात असू द्या.

आपल्याकडे हे काम नवं नाही. बखर एका बाजूला, फारसी अखबार आणि इंग्रज वखारीची पत्रं दुसऱ्या बाजूला ठेवून तारखा जुळवायची सवय मराठी वाचकाला राजवाड्यांच्या पिढीपासून आहे. बखर खोटी म्हणून कोणी जाळत नाही. ती कोणाच्या पदरी बसून लिहिली गेली ते पाहतो. तीच नजर इथे लावा.

लावली की दिसतं, बायबल हा एक साक्षीदार नाहीच. हीच कथा बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकात, ३६व्या अध्यायात, जवळजवळ शब्दशः येते. फक्त खंडणीची तीन वचनं तिथे नाहीत. २ इतिहास ३२ मध्येही नाहीत. नंतरच्या हातांना मंदिराची दारं सोललेला हिज्कीया नको होता, देवाने वाचवलेला हवा होता. २ राजे मध्ये दोन्ही हकिकती शेजारी शेजारी आहेत, सांधा लपवलेलाही नाही. जोडणाऱ्याने आधीचं खोडलं नाही, याबद्दल इतिहासकाराने त्याचे आभार मानावेत.

मग कोणी विचारतं, देवदूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले असं बायबल म्हणतं, त्याचं काय? देवदूताचा थर टेकाडात सापडत नसतो. हेरोडोटसने मिसरमध्ये ऐकलेल्या कथेत उंदरांनी सन्हेरीबच्या सैन्याचे भाते आणि धनुष्यं कुरतडली. त्यावरून साथीचा तर्क करणारे आहेत. मिसर-कूशच्या (इजिप्त आणि त्याच्या दक्षिणेचं राज्य) फौजेमुळे तो परतला असंही म्हणतात. माझं मत साधं आहे: त्याचं काम झालं होतं. खंडणी मिळाली, सुपीक मुलूख वाटून झाला, आणि डोंगरातल्या एका शहरासाठी आणखी एक दमदमा उभारायची गरज नव्हती. बाहेर काढलेल्या दोन लाखांचा सन्हेरीबचा आकडाही जपून घ्या, कारण त्या काळी अख्ख्या यहूदाची वस्ती तरी तेवढी होती का, हाच प्रश्न आहे. पण सखल टेकड्यांचा तो पट्टा मोडला हे पाहणीत स्वच्छ दिसतं. तिथली कितीतरी गावं पुढच्या शतकात पुन्हा उभी राहिली नाहीत.

यरुशलेमच्या सुटकेचं स्तोत्र गाताना ही गावं विसरली जातात, पण बायबलमध्येच त्यांचा एक माणूस आहे. संदेष्टा मीखा, मोरेशेथचा, म्हणजे लाखीशच्या शेजारचा. त्याच्या पहिल्या अध्यायात त्या मुलखातल्या गावांची नावं एकामागून एक येतात, लाखीशसुद्धा, आणि सगळा सूर विलापाचा आहे. तो तिथेच थांबत नाही. तिसऱ्या अध्यायात तो राजधानीच्या पुढाऱ्यांना बजावतो की तुमच्यामुळे सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखं नांगरलं जाईल. शंभरेक वर्षांनी यिर्मया या संदेष्ट्यावर खटला चालला तेव्हा वडीलधाऱ्यांनी हेच वाक्य, मीखाच्या नावासकट, पुढे केलं: हे बोलला म्हणून हिज्कीयाने त्याला मारलं होतं का?