तुमच्या उंबऱ्याचा आकडा
(पावसाळ्याच्या तोंडावर सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, जुलै संपत आला की सांगलीत कुणी 'काय म्हणताय' विचारत नाही, 'किती फूट?' विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी मोजतात, ते माप हे वेगळं सांगावं लागत नाही. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. आयर्विनला किती फूट झाले की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं?

बघा, चारदोनच हात वर आले.

२०१९ ला आपला घात केला तो २००५ नं. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. भिंतीवरच्या त्या खुणेवर भरवसा ठेवून माणसं घरात थांबली. 'तेव्हा तिसऱ्या पायरीला आलं होतं, आता फार तर चौथीला येईल.' पाणी ५७ च्या वर गेलं. मग गच्चीवरून हाका आणि बोटीची वाट बघणं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती घरातून बाहेर पडायला निघालेलीच माणसं होती. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा बरेच लोक आधीच निघाले. शहाणपण आलं, पण महाग पडलं.

तर हिशेब असा. २०१९ ला ५७ फुटांना तुमच्या घरात पाच फूट पाणी असेल, तर उंबऱ्याचा आकडा ५२ च्या आसपास. हा ढोबळ आहे, चालेल. पण निघायचं ५२ ला नाही. घर कोरडं असतं आणि गल्लीच्या तोंडाशी कमरेएवढं पाणी असतं. म्हणून गल्लीचा आकडा काढा. घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी असतील, बाळंतीण असेल, गोठ्यात म्हैस असेल, तर त्यातून आणखी दोन फूट वजा करा. आलेला आकडा स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहा. तो आकडा आला की चर्चा बंद. 'अजून तासभर बघू' म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो, बहुतेक वेळा तो घरातला कर्ता पुरुष असतो. त्याच्याकडून आजच कबूल करून घ्या.

नुसतं कोयना धरणातून किती पाणी सोडलं यावरही जाऊ नका. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, दिवसभर सोडलं तर साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी होतं, हे खरं. पण धरणाखालच्या भागात पडणारा पाऊस कुठल्या दरवाज्यातून येत नाही. शिवाय आपल्या खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या फुगल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागा उरत नाही. म्हणून इथं ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढतच असतं. आकाशाकडे बघून ठरवू नका.

आता घरातलं. पाणी आधी दारातून येतं असं तुम्हाला वाटतं. तळमजल्यावाल्यांना विचारा, ते आधी मोरीच्या जाळीतून आणि संडासातून वर येतं. नाल्याचं पाणी उलटं फिरतं. त्यासाठी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून ठेवा आणि निघताना संडासाच्या भांड्यात आणि जाळीवर घट्ट बसवा. पाणी थांबेलच असं नाही, घाण बरीच अडते. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर बांधून ठेवा, तो पाण्यावर तरंगतो. मेन स्विच बंद करायचा तो पायाखाली कोरडं असताना. जनावरं हलवता येत नसतील तर निदान दावी सोडा.

कागदपत्रांचं सगळे सांगतात, मी फक्त औषधांचं सांगतो. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या हव्यात, चिठ्ठीसकट. पूर दोन दिवसांत जात नाही. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर मुलांना तोंडपाठ करून घ्या.

परत आल्यावर वहिनी मंडळी पहिला झाडू घेतात. थांबा. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे, फ्रिजचे, धान्याच्या डब्यांचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. वीज वायरमननं तपासल्याशिवाय चालू करू नका. बुडालेली गाडी किक मारून बघायचा मोह आवरा, इंजिनात पाणी असतं. पायाला जखम असेल तर गमबूट घाला आणि ताप आला तर डॉक्टरांना पुरात फिरलो होतो हे आवर्जून सांगा, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. आणि फोटो झाले की चिखल ओला असतानाच ढकला. एकदा वाळला की फावड्यानंही निघत नाही.

आता कोणाचा आकडा निघत नसेल त्यांनी पुढे या, पेठ सांगा, मिळून काढू.