पेवाबाहेरचा इलेक्ट्रॉन

हे हरिपूर. सांगलीला अगदी लागून, इथंच वारणा कृष्णेला मिळते. आणि आत्ता तुम्हाला जमिनीत जे गोल तोंड दिसतंय ना, ते हळदीचं पेव. आत चांगला खोल खड्डा, त्यात हळद भरायची, तोंड बंद करून वरून माती लिंपायची, की हळदीला कीड लागत नाही, कारण आत ऑक्सिजनच उरत नाही. म्हणून तर पेव उघडल्या उघडल्या कुणी खाली उतरत नाही, आधी ते तसंच उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, ज्योत टिकली तरच माणूस आत.

लहानपणापासून बघत आलोय हे. पण एमएस्सीला असताना लॅबमधल्या ग्लोव्हबॉक्सच्या त्या काळ्या रबरी हातमोज्यांत पहिल्यांदा हात घातले आणि मला पेवच आठवलं. बंद पेटी, आत नुसता नायट्रोजन, आणि माझ्या समोर नखाएवढ्या तुकड्यावर फुलरिनचा थर, म्हणजे साठ कार्बनचा चेंडू असतो ना तो रेणू, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ. त्याचा ट्रान्झिस्टर, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, केला होता. आत होता तोवर ग्राफ झकास चढत होता, बाहेर काढला, चहा पिऊन आलो, परत मोजला तर करंट मेल्यात जमा. त्या दिवशी खरंच जेवण गेलं नाही.

असं का होतं, ते समजून घ्यायला परत हळदीकडेच येऊ. हळद पिवळी का? तर करक्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या रंगद्रव्याच्या, रेणूत एक सिंगल बाँड, एक डबल बाँड अशी साखळी असते, त्यातले इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, ते निळा प्रकाश शोषून घेतात आणि आपल्याला पिवळं दिसतं. सेंद्रिय सेमीकंडक्टर, म्हणजे सिलिकॉनऐवजी कार्बनच्या रेणूंचे, तेही याच घराण्यातले, अशाच साखळ्यांचे, आणि त्यातले काही मुळात रंग म्हणूनच विकले जायचे.

आता या रेणूंतून करंट दोन तऱ्हेने जातो. एक म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर जी रिकामी जागा राहते, होल, ती पुढं सरकते. हा पी-टाइप, आणि हा लवकर जमला. दुसरा एन-टाइप, माझं फुलरिन याच जातीचं, यात रेणूवर जादा इलेक्ट्रॉन ठेवायचा आणि तो एकाकडून दुसऱ्याकडं द्यायचा. इथं घोडं अडलं. कारण असा जादा इलेक्ट्रॉन घेतलेला रेणू हवेत आला की ऑक्सिजन आणि ओलावा तो इलेक्ट्रॉन ओढूनच घेतात.

मग नुसत्या पी-टाइपवर भागवा की, असं कुणी म्हणेल. भागत नाही. ही बैलजोडी आहे. सर्किटमध्ये दोन्ही असले तर एक चालू असताना दुसरा बंद राहतो आणि काम नसताना करंट जवळजवळ जातच नाही, एकाच बैलावर नांगर धरला तर बॅटरी फुकट संपत राहते.

यावर जो उपाय निघाला तो मला फार आवडतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या झेनान बाओ आणि सहकाऱ्यांनी कॉपर थॅलोसायनिन घेतलं, हा रंगात, शाईत सगळीकडं वापरला जाणारा निळा पिगमेंट, स्वभावाने पी-टाइप. त्याच्या कडेचे सगळे १६ हायड्रोजन काढून तिथं फ्लोरिन बसवले. फ्लोरिन इलेक्ट्रॉनला स्वतःकडं ओढतो, त्यामुळं जादा इलेक्ट्रॉनची बसायची जागा इतकी खोल गेली की हवेला तो सहज उचलता येईना. तोच रेणू एन-टाइप झाला, आणि उघड्यावर चालला! पुढं २००४ ला पेरिलीन या लाल पिगमेंटच्या घराण्यातल्या रेणूवर सायनो गट, म्हणजे कार्बन-नायट्रोजनची जोडी, लावूनही हे जमलं, आणि २००९ मध्ये तर शाईसारखं छापता येईल असं एन-टाइप पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळीचा रेणू, आलं.

पण सगळा दोष रेणूचा नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. २००५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की ट्रान्झिस्टरमध्ये या रेणूंच्या खाली जो सिलिकॉन ऑक्साइडचा थर असतो, त्याच्या पृष्ठभागावर जे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात तेच इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. तिथं हायड्रॉक्सिल नसलेल्या पॉलिमरचा थर दिला, तर ज्यांना आपण पी-टाइप म्हणून बाजूला ठेवलं होतं त्यांच्यातूनही इलेक्ट्रॉन वाहायला लागले. म्हणजे बी चांगलंच होतं हो, रान नीट केलं नव्हतं.

आणि आता हे बघा. प्लास्टिकच्या पट्टीवरचा हा निळा थर, तोच १६ फ्लोरिनवाला. सोमवारी खिडकीत ठेवलाय, बाहेर सांगलीचा पाऊस, कपडेसुद्धा वाळत नाहीत अशी हवा. आज शनिवार. सुया टेकवतोय, व्होल्टेज वाढवतोय... ग्राफ थोडा उतरलाय, पण चढतोय बघा, चढतोय.