लाल दुपट्टावाला

रात्री वावरातल्या विहिरीवरून मोटरीचा केबल गेला. तांब्यासाठी नेतात, जाळून तार काढतात अन् भंगारात विकतात, हे इकडच्या शेतकऱ्याला काही नवीन नाही. सकाळी आठ वाजता आमच्या गावच्या पानठेल्यावर एवढंच पक्कं होतं की बाजूच्या वावरात जागलीवर असलेल्या काकाजींनी कोणालातरी पाहिलं. दहा वाजेपर्यंत त्या कोणाच्या गळ्यात लाल दुपट्टा आला. दुपारी तो लंगडायलाही लागला.

काकाजी खोटं बोलत नव्हते बरं का. आणि फॉरेन्सिक सायकॉलॉजीवाल्यांचं, म्हणजे गुन्हा, साक्ष अन् कोर्टाच्या कामात मानसशास्त्र लावणाऱ्यांचं, खरं काम इथंच सुरू होतं.

सिरियल पाहून आपल्याला वाटतं हे लोक चेहरा पाहून खुनी ओळखतात. लोम्ब्रोसो नावाचा इटलीतला डॉक्टर 1876 साली खरंच तसं लिहून मोकळा झाला होता, जबडा पाहा, कान पाहा, जन्मजात गुन्हेगार कळतो म्हणे. शास्त्रात ते कधीच मोडीत निघालं, ठेल्यावर मात्र अजून चालते, "तोंडावरूनच चोट्टा दिसते बे!" इंग्रजांनी तर 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा 1952 साली गेला पण केबल चोरीला गेला की पहिलं बोट आजही पारध्यांच्या वस्तीकडे, बेड्याकडेच जाते. काकाजींनाही कोणीतरी विचारलंच, "बेड्यावरचा होता न? लाल दुपट्टावाला?"

झालं. प्रश्नातच उत्तर घालून दिलं.

अमेरिकेत 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रवाल्यांनी हेच करून पाहिलं. गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या एकमेकीला लागल्या तेव्हा स्पीड किती, काहींना विचारलं जोरात आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा किती. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, काच फुटलेली दिसली का? साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 हो म्हणाले, जोरदार शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच!

म्हणून तर ओळखपरेड पोलीस स्वतः घेत नाहीत, मॅजिस्ट्रेटसमोर होते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही तो यासाठीच, दबावात माणूस काय कबूल करेल भरोसा नाही. नार्कोचंही, म्हणजे औषध देऊन बोलतं करण्याचंही, तसंच, 2010 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, संमती नसेल तर नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग काहीच करायचं नाही. बाकी गुन्हा करताना माणसाचं डोकं ठिकाणावर होतं का हा प्रश्न वेगळा, तो आधी भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या 22 मध्ये आहे, तिथं मानसोपचारतज्ज्ञाचा शब्द लागतो, निकाल मात्र कोर्टाचाच.

तर काकाजी. ठाणेदार नवीन होते, पोरगेलेच. ठेल्यावर न बसता त्यांना वावरात घेऊन गेले, त्याच बाजेवर बसवलं अन् म्हणाले, "मी मधात बोलत नाही काकाजी, त्या रात्रीचं पहिल्यापासून सांगा."

काकाजींनी बिडी पेटवली. "कुत्रं भुकलं. मी बॅटरी मारली. पऱ्हाटी हालली, धुऱ्याकडून कोणीतरी पळालं. पाठ दिसली, बस."

ठाणेदार गप्पच. बिडी अर्धी झाली.

"दुपट्टा त बापू मी ठेल्यावरच आयकला."