क्रोमरचे खेकडे आणि नॉर्फोकचा किनारा

इंग्लंडच्या नकाशात पूर्वेकडे उत्तर समुद्रात फुगून आलेला जो गोलसर भाग दिसतो, तो नॉर्फोक परगणा. लंडनहून निघालेली आगगाडी सुमारे दोन तासांत नॉरिचला पोहोचते. तिथले कॅथीड्रल, त्याचा 96 मीटर उंचीचा निमुळता मनोरा आणि रंगीबेरंगी छतांचा बाजार यांना एक वेगळा दिवस द्यावा लागेल. आपण गाडी बदलून थेट समुद्राकडे निघालो आहोत.

हे क्रोमर. या गावाला बंदर नाही, त्यामुळे इथली प्रत्येक मासेमारी होडी चाकांच्या गाड्यावर बसवून ट्रॅक्टरने पाण्यात ढकलावी लागते आणि परतल्यावर तशीच ओढून वर आणावी लागते. ज्या वाळूत दुपारी पर्यटकांच्या खुर्च्या मांडल्या जातील, त्याच वाळूत आत्ता ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल चर उमटले आहेत. हा किनारा सहलीचा आहे आणि कामाचाही, आणि आमच्या मते नॉर्फोकला यायचे ते या दुसऱ्या कारणासाठी.

होडीत रचलेले पिंजरे नीट पाहा. तळाला वजनदार लोखंडी चौकट, वर जाळे आणि आत शिरण्यासाठी निमुळत्या होत गेलेल्या वाटा, अशी त्यांची रचना असते. माशाच्या तुकड्यांच्या वासाने खेकडा आत येतो आणि मग त्याला बाहेरची वाट सापडत नाही. असे अनेक पिंजरे एकाच लांब दोराला ठराविक अंतराने बांधून समुद्रतळावर सोडतात, दोन्ही टोकांना नांगर टाकतात आणि खुणेसाठी वर बोये तरंगत ठेवतात. वसंत ऋतूपासून शरदापर्यंत, हवा साथ देईल त्या दिवशी, हा दोर यंत्राने वर खेचायचा, प्रत्येक पिंजरा रिकामा करायचा, नवे आमिष लावायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, हाच क्रम चालू राहतो. कोळ्याच्या हातातली ती पट्टी खेकड्याच्या पाठीची रुंदी मोजण्यासाठी आहे. मापात न बसलेला खेकडा आणि पोटाखाली अंडी धरलेली मादी तिथल्या तिथे समुद्रात परत जाते.

किनाऱ्यावर आलेला माल मिठाच्या पाण्यात उकडला जातो आणि त्यानंतर सुरू होते ते काम पाहायला आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत बराच वेळ थांबलो. आधी नांग्या आणि पाय पिळून सुटे केले जातात. मग दोन्ही अंगठ्यांनी दाब देऊन पोटाचा भाग कवचापासून वेगळा करतात, राखाडी पिसांसारखे दिसणारे कल्ले आणि तोंडामागची पिशवी काढून टाकतात, आणि कवचाच्या कडेला निसर्गतःच असलेल्या रेषेवर दाबून ते स्वच्छ गोलाईत तोडतात. नांग्यांमधले पांढरे मांस मधोमध, कवचातला लोण्यासारखा तपकिरी गर दोन्ही बाजूंना, आणि वर फार तर लिंबाची फोड. झणझणीत रश्श्याला सरावलेल्या जिभेला हे पहिल्या घासाला सपक वाटेल, पण दुसऱ्या घासाला मांसाचा मूळचा गोडवा कळू लागतो. हा गोडवा किनाऱ्यालगतच्या पाण्याखाली पसरलेल्या खडूच्या खडकामुळे येतो, असे इथले लोक सांगतात. तो खडक 2016 पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे, आणि पिंजऱ्यांमुळे व दोरांमुळे त्याला इजा होते असे शासकीय निसर्गसंवर्धन यंत्रणेने म्हटल्यापासून या व्यवसायावर नवे नियम आले आहेत.

क्रोमरमध्ये रेल्वे आली 1877 मध्ये. त्यानंतर सहा वर्षांनी क्लेमेंट स्कॉट या लंडनच्या पत्रकाराने ‘डेली टेलिग्राफ’मध्ये या भागाचे वर्णन लिहिले, शेतांच्या कडेला फुलणाऱ्या लाल पॉपींवरून ‘पॉपीलँड’ हे नाव रूढ झाले आणि लंडनचा श्रीमंत वर्ग इथे येऊ लागला. कड्यावरचे हे लाल विटांचे, बुरुजांचे ‘होटेल द पारी’ त्याच भराच्या काळातले. समोरचा पिअर, म्हणजे लोकांनी फिरावे म्हणून समुद्रात नेलेला धक्का, 1901 मध्ये खुला झाला. त्याच्या टोकाला नाट्यगृह आहे आणि नाट्यगृहाच्याही पलीकडे बचावनौकेचे ठाणे. रात्रीच्या खेळाला निघालेले प्रेक्षक आणि धोक्याचा संदेश मिळताच धावणारे स्वयंसेवक खलाशी यांची वाट एकच, याच फळ्यांवरची.

कड्यावरील बागेतला हा ब्राँझचा अर्धपुतळा हेन्री ब्लॉग यांचा. ब्लॉग खेकडे पकडत, उन्हाळ्यात पर्यटकांना आरामखुर्च्या भाड्याने देत आणि हाक आली की बचावनौका घेऊन निघत. 1894 मध्ये, अठराव्या वर्षी ते या नौकेवर आले आणि 1909 मध्ये तिचे प्रमुख झाले. 9 जानेवारी 1917 रोजी, तरुण माणसे महायुद्धावर गेलेली असताना, वय झालेल्या सोबत्यांना घेऊन त्यांनी वादळात वल्ह्यांची नौका काढली. ती पाण्यात लोटण्यासाठी माणसे थंडगार लाटांत शिरली होती. एका ग्रीक जहाजावरच्या सोळाही जणांना त्यांनी किनाऱ्यावर आणले, तेवढ्यात फर्नेबो हे स्वीडिश जहाज स्फोटाने दुभंगले. दमलेले लोक पुन्हा निघाले, लाटांनी मागे फेकले, वल्ही मोडली. वल्ही बदलून ते परत गेले आणि रात्रीच्या अंधारात, प्रकाशझोताच्या आधाराने, अकरा जणांना घेऊन आले. 1947 मध्ये ब्लॉग निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या 53 वर्षांच्या सेवेत 387 वेळा नौका निघाली होती आणि 873 जीव वाचले होते. बचावकार्यासाठीचे सुवर्णपदक त्यांना तीनदा मिळाले. खाली समुद्राकाठच्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे आणि आत ठेवलेली ही नौका त्यांनी स्वतः वापरलेली आहे. बचावनौकांचा कारभार आजही लोकांच्या देणग्यांवर चालतो.

क्रोमरच्या पश्चिमेला जवळच शेरिंगहॅम आहे. 1960च्या दशकात बंद झालेल्या लोहमार्गाचा एक तुकडा इथल्या हौशी मंडळींनी पुन्हा उभा केला. वाफेचे इंजिन होल्टपर्यंतचे साडेआठ किलोमीटर अंतर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या झुडपांनी भरलेले माळ ठेवून कापते, आणि कोळसा लोटणाऱ्यांपासून तिकिटे तपासणाऱ्यांपर्यंत बरेचसे लोक स्वयंसेवक आहेत.

तिथून बसने वेल्स-नेक्स्ट-द-सी या गावी. धक्क्यावर पाय सोडून बसलेली ही मुले दोरीला बेकनचा तुकडा बांधून छोटे खेकडे पकडतात, बादलीत मोजतात आणि संध्याकाळी परत पाण्यात सोडतात. मागे दिसणारी उंच धान्यकोठी आता राहण्याची जागा आहे. गावापासून दीड किलोमीटरवर पाइनच्या झाडीच्या कडेला खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्यांची रांग लागते आणि समोर ओहोटीची अफाट वाळू.

हन्स्टन्टन हे परगण्याच्या पश्चिम टोकाचे गाव. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर असूनही त्याचे तोंड पश्चिमेकडे आहे, त्यामुळे इथे सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. त्या उन्हात हा कडा पाहावा. तळाशी गंजल्या रंगाचा वाळूचा दगड, मधे लाल खडू आणि वर पांढरा खडू, असे तीन पट्टे कोणी रंगवल्यासारखे स्पष्ट आहेत. 31 जानेवारी 1953च्या रात्री आलेल्या समुद्राच्या पुराने या गावातले 31 जण नेले.

आता पूर्वेकडे, हेझबरोला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे हे दीपगृह 1790 पासून उभे आहे. खालच्या पुळणीवर 2013 मध्ये साडेआठ लाख वर्षांपूर्वीच्या माणसांच्या पावलांचे ठसे उघडे पडले आणि लाटांनी ते काही दिवसांतच पुसले. मातीचा कडा ढासळतो आहे, जुने लाकडी कठडे मोडले आहेत, आणि या रस्त्याच्या टोकाची घरे आता नाहीत.

शेवटचे गाव ग्रेट यारमथ. इथे दिवे, चिप्सचा वास आणि खेळण्यांच्या यंत्रांचा गोंगाट यांची रेलचेल आहे, आणि पहिल्या नजरेला कामाचा किनारा कुठेच दिसत नाही. तो शोधावा लागतो. 1932 च्या या लाकडी रोलर कोस्टरवर पाहा, डब्यांच्या मधोमध एक माणूस बसला आहे. उतारावर वेग किती राखायचा हे त्याच्या हातातला ब्रेकचा दांडा ठरवतो. 1903 मध्ये बांधलेल्या हिप्पोड्रोम सर्कशीत रिंगणाची जमीन खाली जाते, पाणी भरते आणि कसरती तलावात होतात.

एकेकाळी हे गाव हेरिंग माशावर जगत होते. शरदात स्कॉटलंडहून बायका येत, बोटांना चिंध्या गुंडाळून धक्क्यावर उभ्या राहत आणि धारदार सुरीने मासे साफ करून मिठात थर लावून पिंपांत भरत. 1913च्या हंगामाने उच्चांक गाठला आणि पुढे मासाच आटला. ज्या धूरघरात हेरिंग टांगून धुरवत, तिथे आता संग्रहालय आहे, आणि त्याच्या भिंतींना धुराचा वास अजूनही येतो.

वाळूत बसलेल्या या कुटुंबांसमोर, अडीच किलोमीटरवर, स्क्रोबी सँड्सच्या तीस पवनचक्क्या 2004 पासून फिरत आहेत. त्यांच्या पायथ्याशी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर, सील आडवे झालेले असतात. बंदर आता समुद्रातल्या वायूच्या आणि वाऱ्याच्या उद्योगाला सेवा पुरवते, आणि पुळणीवरून त्या दिशेने जाताना दिसणाऱ्या बोटींत कामगारही असतात आणि सील पाहायला निघालेले पर्यटकही.