फाइलवर दोघांची नावं

नमस्कार. मूल होण्यासाठीचे उपचार सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात, हा आजचा विषय. संयोजकांनी तो सांगितला तेव्हा मला एक पिशवी आठवली.

एक जोडपं आलं होतं. ताईंच्या हातात साडीच्या दुकानातली जाड पिशवी, आणि तिच्यात चार वर्षांचे कागद. मी ते तारखेनं टेबलावर लावत गेले. अकरा सोनोग्राफ्या. गर्भनलिकांचा एक्स-रे दोनदा. एक लॅपरोस्कोपी, म्हणजे भूल देऊन पोटात दुर्बीण घातलेली. मी विचारलं, "यांचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट कुठंय?" दोघंही गप्प. मग ताईच म्हणाल्या, "त्यांना काही नाही मॅडम. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात कुणाला तसलं नाही."

मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीनं. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, दवाखान्यात झोपावं लागत नाही. तरी ती शेवटी होते, आणि तोवर बाईच्या पोटाला टाके पडलेले असतात. याचा मला राग येतो. म्हणून आज सुरुवात तिथूनच करते.

तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळायचं. डबी लॅबमधूनच घ्यायची, घरची बाटली धुऊन चालत नाही. साबण, तेल, साधा कंडोम यांतलं काही वापरायचं नाही. पहिल्या थेंबांत शुक्रजंतू सर्वांत जास्त असतात, ते सांडले तर लाजू नका, लॅबमध्ये सांगा. नमुना घरून आणणार असाल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा आणि तासाच्या आत पोहोचवा. फ्रिजमध्ये ठेवू नका.

रिपोर्टवर दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा छापलेली दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेला हा आकडा आहे. प्रयत्न सुरू केल्यावर वर्षाच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने तपासून त्यांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांपाशी ही रेघ ओढलेली आहे. म्हणजे तिच्या खालीही बाप झालेले लोक आहेत. एका खराब रिपोर्टवर खचू नका. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यूचा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. तपासणी पुन्हा करायची असते.

त्या जोडप्याचा रिपोर्ट आला. शुक्रजंतू शून्य. दुसरा केला, तोही शून्य. मी त्या भाऊंना एकट्याला बसवून विचारलं, तेव्हा कळलं की दीड वर्ष ते जिममध्ये अंग भरायची इंजेक्शनं घेत होते. ती टेस्टोस्टेरॉनची असतात. शरीराला वाटतं हार्मोन भरपूर आहे, मग मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोपच थांबतो आणि शुक्रजंतू बनणं बंद पडतं. दंड भरलेले दिसतात, आणि आत हे चाललेलं असतं. इंजेक्शनं बंद केली, आणि काही महिन्यांनी शुक्रजंतू दिसू लागले. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. संख्या शून्य किंवा अगदी कमी असेल तर हार्मोन तपासावे लागतात, गुणसूत्रांची तपासणी लागते. पण त्या दिवशी बाहेर पडताना ते बायकोला म्हणाले, "आईला मी सांगतो." दार अर्धं उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

आता बायकांच्या तपासण्या. टीएसएच, म्हणजे थायरॉइड, आणि साखर सगळ्यांची बघायची. पाळी अनियमित असेल किंवा स्तनांतून दुधासारखा स्राव येत असेल तर प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोनही. बीजकोशांत बीजांचा साठा किती, याचा अंदाज पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या एफएसएच या हार्मोनवरून, सोनोग्राफीत दिसणाऱ्या छोट्या बीजपुटिकांवरून (बीज वाढतं त्या पिशव्या) आणि एएमएच या दुसऱ्या हार्मोनवरून येतो.

या एएमएचनं फार बायकांना रडवलंय. आकडा कमी आला की घरी जाऊन त्या "माझी बीजं संपली" असं सांगतात. एएमएच एवढंच सांगतं की बीजं वाढवायची इंजेक्शनं दिली तर साधारण किती बीजं मिळतील. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे त्यावरून कळत नाही. बीजांच्या दर्जाचा अंदाज वयावरून अधिक येतो.

बीज फुटतंय का हे बघायला 'एकविसाव्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन' ही रक्तातल्या हार्मोनची तपासणी सांगतात. ते २८ दिवसांच्या पाळीचं गणित आहे. तुमची पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी रक्त द्या. पुढच्या पाळीआधी साधारण सात दिवस, हे लक्षात ठेवा.

गर्भनलिकांचा एक्स-रे पाळी थांबल्यावर, बीज फुटायच्या आत करतात. कळा येतात, काहींना बऱ्याच. आधी वेदनाशामक गोळी द्या, असं सांगण्यात काही कमीपणा नाही. आपल्या देशात नलिका बंद असण्यामागे क्षयरोग हे कारण विसरून चालत नाही. खोकला नाही, ताप नाही, तरी तो गर्भनलिकांत असू शकतो. मात्र रक्ताच्या अँटिबॉडी तपासणीवर क्षयाचं निदान करायचं नाही. तशा तपासणी किटवर भारत सरकारनं २०१२ मध्येच बंदी घातली आहे. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासतात, आणि त्यातही नुसता पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करू नयेत.

दोन तपासण्या मात्र मी कुणालाच सोडत नाही. एक रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची. प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्यायची आणि नंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. दुसरी एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी, तीही दोघांची. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आई-बापांकडून येणारे रक्ताचे आजार तिच्यात कळतात. सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, आणि आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारात सिकलसेलचे. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लाखो रुपये आणि वर्षं घालवून राहिलेल्या गरोदरपणात, तिसऱ्या महिन्यात हे कळणं काय असतं, ते मी पाहिलंय.

आणि थांबायचं किती? वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर तपासण्या. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहाच महिने. फॉलिक अॅसिडची गोळी मात्र आजपासूनच घ्या.

आता प्रश्न विचारा. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्यात. नाव लिहू नका. आणि पुरुष मंडळी मागच्या रांगांत बसलीयेत, चिठ्ठ्या आधी तिकडे पाठवा.